लाइफ कोच कुणाच्या घरचा?

मी अतिसंवेदनशील माणूस आहे, हे मला पन्नाशीला टेकल्यावर मुलीच्या मोबाइलवरून कळलं. तोपर्यंत घरात सगळे मला नुसतं किरकिरा म्हणत.

सईने, म्हणजे माझ्या मुलीने, मोबाइलवर कुठलीशी चाचणी काढली आणि मला समोर बसवून प्रश्न विचारले. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? (शेजाऱ्यांचा मिक्सर लागला की मी बाथरूममध्ये जाऊन बसतो.) कपड्याचं लेबल टोचतं का? (माझ्या एकाही शर्टाला लेबल उरलेलं नाही. त्यामुळे माझं माप मलाच माहीत नाही.) दुसऱ्याच्या मनातलं चटकन कळतं का? कळतं! नको असताना कळतं! भाजीवालीने कोथिंबीर पिशवीत टाकताना सुस्कारा सोडला की मी आणखी दोन जुड्या घेतो. आमच्या घरी कोथिंबीरवडीला कधी तोटा नसतो.

"पप्पा, तुम्हाला पैकीच्या पैकी!" सई म्हणाली. आयुष्यात एका तरी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"चाचणी कशाला हवी होती?" स्वयंपाकघरातून माझी बायको, रजनी, म्हणाली. "मला विचारायचं. मी फुकट सांगितलं असतं."

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण मला एक दार हवं होतं. मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. माझं टेबल कंप्रेसरच्या खोलीला लागून आहे. कंप्रेसर दिवसभर थडथडतो आणि त्याच्याबरोबर मीही थडथडतो. डिस्पॅचच्या इन-चार्जला मात्र केबिन असते, आणि त्या केबिनला दार असतं. ते दार लावलं की आत शांतता असते! काही लोक बंगल्याची स्वप्नं पाहतात, मी दाराची पाहतो. आणि यंदा डिस्पॅचचे कदम निवृत्त झाले.

कदमांच्या निरोप समारंभात मी इतका रडलो, की भाषण अर्धवट सोडून कदमांनाच माझी समजूत काढावी लागली. (कदमांशी माझी ओळख गेटपासवरच्या सहीपुरती होती.) दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"अनंतराव, डिस्पॅचची जागा तुम्हालाच द्यायचं मनात आहे. पण तिथे ट्रकवाले. प्रत्येकाला आपली गाडी आधी भरून हवी असते. तिथे तोंडावर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. तुम्हाला येतं?"

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. मी "हो" म्हणालो. नाही म्हणता येत नाही, हे सांगायलासुद्धा मला नाही म्हणता आलं नाही!

"ठीक आहे. रीतसर इंटरव्ह्यू होईल," साहेब म्हणाले. "तोवर जरा स्वतःवर काम करा."

स्वतःवर काम म्हणजे काय ते मला कळेना. सईला लगेच कळलं. "पप्पा, लाइफ कोच घ्या," ती म्हणाली, जणू छत्री घ्या म्हणते आहे.

आता संवेदनशील माणूस भोळा असतो, असा लोकांचा एक गैरसमज आहे. उलट आमच्याइतका संशयी माणूस मिळायचा नाही. समोरच्याची भुवई जरा वर गेली की आम्हाला दिसते, आणि ती का गेली असेल ह्यावर आमची रात्र जाते. मी लाइफ कोच निवडायला निघालो तो सोनाराने सोनं पारखायला निघावं तसा.

पहिला कोच पेणच्या एका हॉलमध्ये शिबिर घेत होता. कोट, टाय, कानात अडकवलेला माइक. तो स्टेजवरून ओरडायचा, "भीती म्हणजे काय?" आणि आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "मला माहीत नाही!" मी कानांत कापूस घालून ओरडत होतो. मग त्याने सांगितलं, शेजारच्याला कडकडून मिठी मारा. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दुपारी सुकट खाल्ली होती. (मला विचाराल तर कालवण नव्हे, भाजलेली.) तरी मी थांबलो असतो. पण "भीती माझ्या जवळ येत नाही!" असं कोच गरजत असतानाच छतावरून एक पाल त्याच्या खांद्यावर पडली. तो स्टेजवरून जो उडी मारून गेला, तो चहा-बिस्किटापर्यंत परत आला नाही.

दुसऱ्या होत्या पुण्याच्या मॅडम, त्याही ऑनलाइन. आवाज इतका मऊ की मला पहिल्या वाक्यालाच हुंदका आला. "मी तुम्हाला पूर्णपणे ऐकतेय, अनंतजी," त्या म्हणाल्या. मी त्यांना लहानपणापासून सांगायला लागलो. त्यांचे डोळे हळूच मोठे झाले. मला वाटलं, माझ्यासाठी झाले. पण त्यांच्या चष्म्याच्या काचेत काहीतरी खालून वर सरकत होतं. मी निरखून पाहिलं. साड्या! मी माझ्या शाळेतल्या अपमानाबद्दल बोलत होतो आणि चष्म्यात साड्या सरकत होत्या!

"मॅडम," मी हळूच म्हटलं, "मघाची मोरपंखी चांगली होती." त्यानंतर त्यांचं नेटवर्क गेलं, ते कायमचंच.

तिसरा निखिल सर. पेणच्या बाजारात, पोह्या-पापडांच्या दुकानाच्या वर एक खोली. मी जिना चढलो तोच मुळी दोष काढायच्या तयारीने. पंखा कुरकुरतो का? नाही. घड्याळ टिकटिकतं का? घड्याळच नव्हतं. उदबत्ती? नाही. अत्तर? नाही. पस्तिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा मुलगा. एवढं सगळं ठीक म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. ह्यात काहीतरी असणार!

"माझी एकच अट असते," निखिल सर म्हणाले. "नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला मी घेत नाही. मोकळं बोलता येत नाही मग. आपण नात्यातले नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. त्या खोलीत मी ठामपणे म्हटलेला तो पहिला ‘नाही’. तोच चुकीचा निघाला, पण ते पुढे.

मला त्यांची अट फारच आवडली. आमच्या रायगडात अनोळखी माणूस मिळणं किती कठीण, हे इथल्या माणसालाच कळेल. एसटीत कुणाच्या शेजारी बसलात तर नागोठणं यायच्या आत तो तुमच्या आत्याचा दीर निघतो. आणि ह्या विद्येतली सगळ्यात मोठी जाणकार आमच्या घरात राहते. ती म्हणजे माझी आई. पेणच्या खारेपाटातली, वय सत्तरीपार, आता माझ्याकडे, आमच्या वरसे गावात असते. कुणाही माणसाला तिने तीन प्रश्न विचारले की नातं हजर! गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस आमच्याकडे भाचा म्हणून चहा पिऊन जातो. म्हणून मी ठरवलं की आईला निखिल सरांचा वाराही लागू द्यायचा नाही. रजनीलाही सांगायचं नाही, कारण रजनीला सांगितलं की ते आईला कळतंच. घरात सांगितलं, "शनिवारी कंपनीच्या कामाला पेणला जावं लागतं."

आणि काय सांगू, ते शनिवार किती सुखाचे गेले! मी बोलायचो, रडायचो, निखिल सर टिश्यूचा डबा पुढे सरकवायचे. "हे शरीरात कुठे जाणवतंय?" ते विचारायचे. मी छातीवर हात ठेवायचो. "त्याला एक नाव द्या." मी ‘कंप्रेसर’ असं नाव दिलं. मग ते एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची समोर ठेवायचे आणि सांगायचे, इथे ट्रकवाला बसलाय, ह्याला नाही म्हणा. पहिल्या शनिवारी मी त्या खुर्चीची माफी मागितली. दुसऱ्या शनिवारी "जमेल असं वाटत नाही" इथपर्यंत आलो. प्रगती होती.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. दर शनिवारी नवरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पेणला जातो, लाल डोळ्यांनी आणि गुणगुणत परत येतो! एकदा धुवायच्या पॅन्टच्या खिशात रजनीला टिश्यू सापडला, तोही फुलाफुलांचा. आणि मी तर जन्मात रुमालाशिवाय काही वापरलं नाही.

"कंपनीच्या कामात रडवतात का हो?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"धूळ असते," मी म्हणालो.

"फुलाफुलांची?" ती म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. संवेदनशील माणसाला गप्प बायकोसारखी शिक्षा नाही.

इंटरव्ह्यू सोमवारी होता. त्याआधीच्या शनिवारी निखिल सर म्हणाले, "आज पूर्ण ताकदीने." मी उठून उभा राहिलो. खुर्चीवर बोट रोखलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "नाही म्हणजे नाही! मागे हो! एक पाऊल पुढे टाकायचं नाही!" खाली पापडांच्या दुकानात गिऱ्हाइकं थबकली असतील. निखिल सर आवाज न करता टाळ्या वाजवत होते. (माझ्या कानांची काळजी!) तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि दारात माझ्या मागावर आलेली रजनी, तिच्यामागे जिना चढून धापा टाकणारी आई!

दोघींनी खोली पाहिली. बाईमाणूस कुठे दिसेना. लालबुंद झालेला मी, रिकामी खुर्ची आणि मुक्याने टाळ्या वाजवणारा एक तरुण.

"रजने, भूत उतरवतोय गो हा!" आई किंचाळली. "भगत हाय हा! सांगत व्हते ना मी?"

"आई, भूत नाही. हे सर आहेत."

"मंग खुर्चीत कोण हाय?"

"कोणी नाही."

"कोणी नाय, तर मागं हो म्हणतोस कोणाला?"

निखिल सर चटकन पुढे झाले, "आजी, बसा आधी, दमलात," म्हणत त्यांनी तीच खुर्ची पुढे केली.

"त्या खुर्चीवर मी नाय बसायची!" आई म्हणाली आणि सरांच्या गादीच्या खुर्चीत जाऊन बसली. पदराने घाम पुसला. पाणी प्याली. मग तिने निखिल सरांकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. तिचं ते पाहणं मी ओळखतो.

"आई, आपण निघू या. एसटी..."

"थांब रं. तू कंच्या गावचा, पोरा?"

"मी... मूळचे शिर्कीचे आम्ही."

"लगीन झालाय?"

"हो, आजी."

"बायको कुठली?"

"आई, चल!" मी जवळजवळ ओरडलो.

"गडबची," निखिल सर म्हणाले. बिचारे! त्यांना काय ठाऊक, आपण काय बोलून बसलो! "शोभाताईंची मुलगी, प्रणाली."

आईने दोन्ही हात कपाळाला लावले. "शोभीची पोरगी? आमची शोभी? आरं माझ्या देवा, अनंता! शोभी तुझी चुलत बहीण ना रं! हा तर आपला जावाय! आणि तू ह्याचा मामेसासरा!"

मी त्या लग्नाला गेलो नव्हतो. (डीजे होता.) त्यामुळे ह्या जावयाचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. आणि आता त्याच्यासमोर आतापर्यंत मी तीन-चार डबे टिश्यू रडलो होतो! जावयासमोर! सासऱ्याने जावयासमोर साधं बनियनवर यायचं नसतं, आणि मी माझं अख्खं बालपण त्याच्यापुढे उघडं करून ठेवलं होतं.

रजनीने मात्र डोक्यावरून पदर घ्यायच्या आधी सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. "जावई होय! मग ठीक आहे," ती म्हणाली. बायको खूश, आई खूश. मी आणि सर दोघेच पांढरे पडलो होतो.

"मामा," निखिल सर हळूच म्हणाले.

"मला मामा म्हणू नका!" मी म्हणालो.

"नाही, पण... आता मला तुम्हाला क्लायंट म्हणून घेता येणार नाही. जावयाने सासऱ्याला शिकवायचं म्हणजे..."

"सोमवारी इंटरव्ह्यू आहे माझा!"

"शिकवतोस कसला?" आई मध्येच म्हणाली. "पहिल्यांदा भेटलास. उद्याच्याला जोडीनं जेवायला यायचा. वरशाला. दत्तू जिताडा आणील."

निखिल सरांनी तोंड उघडलं. ‘नाही’ म्हणायलाच उघडलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण आईने डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "येतो, आजी." मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी माझ्याच दुःखात होतो. जाता जाता ते माझ्या कानात म्हणाले, "उद्या जेवण झालं की गच्चीवर एक शेवटचं सत्र करू. घरच्या घरी." मला जरा धीर आला.

रविवारी घरात नुसती गडबड. दत्तूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पहाटेच्या एसटीने जिताडा घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या शेततळ्यातला, दोन वर्षं वाढवलेला. खारेपाटात जिताडा म्हणजे नुसता मासा नव्हे. आमच्याकडे कुणाचा किती मान, ते ताटातल्या जिताड्यावरून कळतं. डोकं जावयाला, हे ठरलेलं. ह्यात वाद नाही, चर्चा नाही.

निखिल आणि प्रणाली आले. आईने जावयाला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, कुंकू लावलं. टोपी घातलेल्या माझ्या लाइफ कोचकडे मला बघवेना. पानं वाढली. रजनीने वाढायला सुरुवात केली आणि तेवढ्यात कुकर शिटी मारायला लागला म्हणून ती आत गेली. जाता जाता कालवणाचं पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाली, "डोकं जावयाला वाढा."

मी पळी घातली. डोकं वर आलं. केवढं ते! आणि नेमकी माझी नजर दत्तूमामावर गेली.

तो फक्त त्या डोक्याकडे बघत होता. दोन वर्षं रोज तळ्यावर जाऊन त्याला खायला घालणारा म्हातारा! त्याचा कंठमणी एकदा वर गेला, खाली आला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं! माझा हात आपोआप वळला, आणि जिताड्याचं डोकं दत्तूमामाच्या ताटात पडलं.

पंगत गार झाली. आईचा घास हातातच राहिला. दत्तूमामा म्हणाला, "मला कशाला रं?" पण म्हणता म्हणता त्याने गालाचं मांस काढलंसुद्धा होतं. मी घाईघाईने शेपटीकडचा मोठा तुकडा निखिलला वाढला.

"मला काहीच वाटलं नाही, मामा," निखिल म्हणाला.

हे वाक्य मी ओळखतो. ते माझं वाक्य आहे! हे वाक्य म्हटल्यावर मी तीन-चार दिवस बोलत नाही. निखिलने शेपटी ताटाच्या कडेला सारली, आमटीशी भात कालवला, चार घास खाल्ले, हात धुवायला म्हणून उठला आणि थेट गच्चीवर गेला.

"आता संध्याकाळपर्यंत नाय यायचे ते," प्रणाली शांतपणे काटे काढत म्हणाली. "घरी कपाची कड उडाली तरी दोन दिवस बोलत नाहीत. फार लागतं त्यांना."

"लाइफ कोच ना गो तो?" रजनी म्हणाली.

"लोकांचा, मामी."

"अनंता!" आई कडाडली. "शोभीला काय तोंड दाखवू मी? जावाय उपाशी गच्चीवर! जा, समजूत काढ!"

मी गच्चीवर गेलो. तिथे आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मिरच्या वाळत घालत होत्या. पाण्याच्या टाकीमागे टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, पाठ करून निखिल उभा. बायकांनी हातातलं काम थांबवलं. कुणीतरी खाली हाक मारून आणखी दोघींना वर बोलावलं.

"जावईबापू," मी म्हणालो, "चला. चुकलं माझं."

"तसं काही नाही, मामा."

मग जे माहीत होतं तेच बोललो. "हे शरीरात कुठे जाणवतंय?"

त्याने छातीवर हात ठेवला.

"त्याला एक नाव द्या," मी म्हणालो.

"डोकं," तो म्हणाला, आणि हमसून रडायला लागला. माझं काय होणार? मीही लागलो. (मिरच्यांमुळे, असं बायका नंतर एकमेकींना सांगत होत्या. भली माणसं.) टोपीने डोळे पुसत तो बोलत राहिला. त्याचं कोचिंग चालत नव्हतं. पेणमध्ये जो क्लायंट येतो, त्याचं दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात नातं निघतं. एक बाई आत्या निघाल्या. त्या फीऐवजी वालाच्या शेंगा आणतात आणि वर त्यालाच उपदेश करून जातात. एक आजोबा झोपायला येतात, कारण तिथे शांत असतं. "तुम्हीच एकटे होतात, मामा," तो म्हणाला. "तुम्ही कुणीच नव्हतात माझे! किती बरं वाटायचं!"

मला इतकं वाईट वाटलं की मी माझं सत्र, माझा इंटरव्ह्यू, सगळं विसरलो.

"मामा," तो नाक पुसत म्हणाला, "तुमच्या कंपनीत काही जागा असेल तर बघा ना."

"कुठल्या खात्यात?"

"आधी मी नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत होतो. डिस्पॅचला."

टाकीचं पाणी भरून वाहायला लागलं होतं. मला काय म्हणायचं ते पक्कं माहीत होतं. कित्येक शनिवार मी तेच एक म्हणायला शिकलो होतो, आणि ज्याने शिकवलं तोच समोर उभा होता! मी छाती फुगवली. तोंड उघडलं. त्याचा खालचा ओठ जरासा हलला.

"बघतो," मी म्हणालो.

तो खाली आला आणि शेपटीकडचा तुकडा जेवला. आईने मला माफ केलं.

सोमवारी इंटरव्ह्यूला साहेब आणि एच.आर.च्या मॅडम होत्या. मी मनाशी ठरवलं होतं की निखिलचं नाव काढायचं नाही. दार माझं आहे. ते मी कमावलंय.

"समजा, ट्रकवाला हातापाया पडला, की साहेब, माझीच गाडी आधी भरा," साहेबांनी विचारलं. "तर?"

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "नाही म्हणजे नाही! मागे हो!" माझा आवाज असा काही लागला, की मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

"वा!" साहेब खूश झाले. "अनंतराव, हे कुठे लपवलं होतं? बस, आणखी काही विचारायचं नाही मला."

झालं होतं! दार मिळालं होतं! मला तर ते लावल्याचा आवाजही ऐकू आला. तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. मी नुसती नजर टाकली. निखिलचा मेसेज होता, ‘मामा, ऑल द बेस्ट. माझं काही मनावर घेऊ नका.’

‘काही मनावर घेऊ नका!’ असं अतिसंवेदनशील माणसाने अतिसंवेदनशील माणसाला लिहायचं असतं का? शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

"साहेब," माझ्या तोंडून निघालं, "माझ्यापेक्षा चांगला एक माणूस आहे. डिस्पॅचचा अनुभव आहे त्याला."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "कोण हा?"

"निखिल म्हणून. शिर्कीचा."

"शिर्कीचा?" एच.आर.च्या मॅडम एकदम पुढे झुकल्या. "बायको गडबची आहे का हो त्याची? प्रणाली? अहो, ती माझ्या वहिनीच्या मावशीची..." पुढचं नातं मी ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. तीन प्रश्नांत काम झालं होतं.

आता निखिल डिस्पॅचचा इन-चार्ज आहे. केबिन त्याची आहे, दारही त्याचंच आहे. मला वाईट वाटलं का? खूप वाटलं. पहिला आठवडा मी डबा खाल्ला नाही. मी केबिन जावयाला देऊन आल्याचं ऐकल्यावर रजनीने भाजी आणायला जाणं त्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं.

निखिललाही दार काही फळलेलं नाही. ट्रकवाले दार ढकलून आत जातात, आणि जो जास्त केविलवाणा बोलेल त्याची गाडी आधी भरली जाते. मग दुपारी तो डोळे लाल करून बाहेर येतो आणि माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसतो. जावई म्हटल्यावर चहा माझ्याकडून. तो बोलत राहतो, बोलत राहतो, आणि मी त्याच्याकडे एकटक बघत मान हलवतो.

परवा उठताना त्याने माझा हात हातात घेतला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाला, "मामा, इतके कोच पाहिले मी, पण तुमच्याइतकं मनापासून ऐकून घेणारा कोणी भेटला नाही!" तेवढं एक वाक्य मला नीट ऐकू आलं. बाकी त्या कंप्रेसरशेजारी त्याचा एक शब्द मला आजवर कळलेला नाही!